सार काय म्हणाले ते

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्यांच्या आजारपणात आम्ही दोघं दुपारभर जुन्या गोष्टी उकरत बसायचो, कोणी कोणाच्या वाटणीचा लाडू खाल्ला इथपर्यंत कबूल करून झालं — तरी हे नाही सांगितलं. मुलीलाही नाही. देवासमोर हात जोडते तेव्हा हा विषय मी काढत नाही. त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तुम्हाला मराठी येतं. ते मराठी येणं या गोष्टीत महत्त्वाचं आहे — का, ते पुढे येईलच.

मी तंजावूरची. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेलं, राज्य संपलं तरी परतलं नाही. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. देवनागरी मी निवृत्तीनंतर शिकले, पुण्याला मुलीकडे राहायला आल्यावर, नातवाच्या पहिलीच्या पुस्तकावरून. इथले लोक अजून म्हणतात, मद्राशाच्या मानाने तुमचं मराठी फार छान हो. मी थँक्यू म्हणते. वाद घालून कोणाचं भलं झालंय?

तर तंजावुरात मराठीचा एक उपयोग होता, जो पुण्यातल्या माणसाला सुचणार नाही. झाकायचा. आई साडीच्या दुकानात बसली की दुकानदाराला तमिळमध्ये म्हणायची, वा, रंग काय सुंदर — आणि त्याच दमात, त्याच गोड सुरात मला मराठीत, "काठ विरलाय गे, ऊठ." भांडी घासणारी समोर असताना साखरेचा डबा कुठे ठेवायचा ते मराठीत ठरायचं. पाहुणा बसलेला असताना त्याला जेवायला थांबवायचं की नाही, तेही. यात काही वाईट आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. एकच शिस्त होती: ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याकडे त्या वेळी बघायचं नाही. ही सवय इतकी अंगात मुरलेली की पुण्यात आल्या आल्या रिक्षात मुलीला म्हणाले, हा लांबून नेतोय वाटतं. रिक्षावाल्याने मान वळवून मला रस्ता समजावून सांगितला. मुलगी घरी येईपर्यंत हसत होती. मी नाही हसले.

आता नोकरीचं सांगते. मी आयटीआयमधून ड्रॉइंग शिकले आणि आमच्या भागातल्या एका खासगी बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागले. नाव सांगत नाही. कंपनीच्या स्वतःच्या बसगाड्या होत्या आणि गाड्यांची बॉडी बांधायची शेडही स्वतःची होती. कारखान्यातून नुसती चासी यायची — इंजिन, चाकं, स्टीअरिंग, बाकी सगळं उघडं. ड्रायव्हर डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून शेकडो मैल उन्हातान्हातून ती चालवत आणायचा. मग आमच्या शेडमध्ये तिला हाडं, कातडी आणि तोंड मिळायचं. मी पांढऱ्या रंगाच्या प्लायवूडवर गाडीचे आकार खऱ्या मापाने काढायचे, त्यावरून वळणांचे साचे कापले जायचे.

तोंड करायचे आरोक्यसामी अण्णा. टिंकरिंगचे, म्हणजे पत्राकामाचे मुख्य. बसच्या पुढच्या बाजूला ती जी फुगीर, दोन्ही अंगांना वळलेली ॲल्युमिनियमची चादर असते, ती ते हाताने ठोकून घडवत. चादरीला साबण चोळायचा, खालून ज्योत फिरवायची; साबण काळा पडला की धातू मऊ झाला. मग चिंचेच्या ओंडक्यातल्या खोलगट जागेवर ठेवून लाकडी हातोडा. माणूस मात्र साधासुधा नव्हता हं. बढाईखोर. जुन्या बसस्टँडवर उभे राहून आल्या-गेल्या प्रवाशाला सांगत, ही गाडी बघा, हे माझं तोंड. माझ्या ड्रॉइंगला म्हणत, कमलाम्मा, हा कागद पंख्याखाली ठेवायला बरा, उडून तरी जाईल. आणि मी वळल्यावर तोच कागद उचलून बघत.

मी नवी होते तेव्हा शेडमध्ये बाई म्हणून पोरं हसायची, शिट्ट्या मारायची. अण्णांनी कोणाला काही म्हटलं नाही. त्यांच्या ओंडक्याशेजारी एक स्टूल आणून ठेवलं आणि मला म्हणाले, इथे बस. त्यानंतर शिट्टी ऐकली नाही. मी त्यांना अण्णा म्हणायचे ते तोंडदेखलं नव्हतं. नाताळात त्यांच्या घरून आमच्याकडे मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, यायचे, संक्रांतीला आमच्याकडून त्यांच्याकडे तिळगूळ. त्यांच्या बायकोच्या हातचे मुरुक्कू आमच्या यांना माझ्यापेक्षा जास्त आवडायचे.

नोकरी मला लावली होती गोपाळराव मामांनी. मामा म्हणजे रक्ताचे नव्हेत. आमच्याच गल्लीतले, आईला ताई म्हणणारे, म्हणून मामा. ते वर्कशॉपचे मॅनेजर. शेडमधले सगळे त्यांना सार, म्हणजे सर, म्हणत. ते सगळ्यांशी तमिळमध्ये बोलत आणि माझ्याशी मराठीत, सगळ्यांच्या देखत. कोणाला त्याचं काही वाटत नसे. वाटत असेल तर आम्हाला कुठे कळणार?

नव्वदीची शेवटची वर्षं होती. बाजार थंड. डिझेल चढत होतं, व्हॅन आणि मिनीबस गल्लीबोळात शिरून आमचे प्रवासी पळवत होत्या, बँका कर्जाला नाक मुरडत होत्या. मालकांची मुलं शिकून आली होती, त्यांच्या तोंडी एक नवी गोष्ट होती — आपलं काम बस चालवणं, बस बांधणं नव्हे. ते बाहेर द्यावं. करूरला तेव्हा बॉडी बांधणारे खूप झाले होते. लोखंडी सांगाडा वेल्ड करत, आणि तोंड फायबरचं, साच्यातून काढलेलं. एकदा साचा केला की तोंडामागून तोंड. हे सगळं शेडमध्ये कुजबुजीत होतं, नक्की कोणाला काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं — हे खरं आहे. इथवर मी निर्दोष आहे म्हटलं तरी चालेल.

तेव्हाच अण्णांना तिरुच्चीच्या एका मोठ्या वर्कशॉपने बोलावलं. टिंकरिंगच्या विभागाचं मुख्यपद. पोंगलपर्यंत कळवा म्हणाले, नंतर दुसरा माणूस बघू. अण्णांची पन्नाशी उलटलेली. त्या वयात परक्या वर्कशॉपने मुख्य म्हणून बोलावणं पुन्हा होणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण तंजावूर सोडायचं जिवावर आलं होतं. घर स्वतःचं, धाकट्या मुलीचं कॉलेज चालू, आणि इथली तोंडं. त्यांनी हे शेडमध्ये कोणाला सांगितलं नाही, मला सांगितलं. म्हणाले, कमलाम्मा, सार तुझ्याशी मोकळेपणी बोलतात. ही शेड राहणार की जाणार, एवढंच विचार. राहणार असेल तर मी कुठे जात नाही.

मी मामांना विचारलं, तिरुच्चीचं सांगूनच. ते म्हणाले, येतो. आणि दुपारी शेडमध्येच आले, सरळ अण्णांच्या ओंडक्यापाशी. नवं तोंड अर्धं झालं होतं. मामांनी त्यावर हात फिरवला, वाहवा केल्यासारखा, आणि माझ्याशी मराठीत बोलायला लागले. अण्णा तिथेच, हातात हातोडा घेऊन.

"ऐक गे. हातातल्या चासी झाल्या की शेड बंद. पुढचं सगळं करूरला. पण आरोक्यसामीचं हें तोंड होऊं दे, ह्याच्यावरून फायबरचा साचा काढायचा आहे. आत्ता कळलं तर हा उठून तिरुच्चीला जाईल. ह्याला कांही सांगूं नको. करूरला आमच्या गाड्या तपासायला माणूस लागतो, ती जागा तुझ्यासाठी धरून ठेवलोय मी."

आवाज गोड. चेहरा हसरा. अण्णांकडे एकदाही बघितलं नाही. मीही नाही. लहानपणापासूनची शिस्त. अण्णा मात्र आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते, आणि त्या भरभर बोलण्यात आपलं नाव तेवढं ओळखू आलं तेव्हा थोडे हसले. मामा निघून गेले.

अण्णांनी विचारलं, "एन्न सोन्नारु?" काय म्हणाले?

इथे थांबते जरा. कारण आजवर मी स्वतःला सांगत आले ते असं, की मामांनी तोंड बांधलं होतं, मी पोटासाठी गप्प बसले. पण मी गप्प बसले का? गप्प बसणं सोपं होतं. मला माहीत नाही म्हणता आलं असतं. तुम्हीच सारना विचारा म्हणता आलं असतं. मामांना तमिळ येत होतं की, त्यांना अण्णांच्या डोळ्यात बघून उत्तर द्यावं लागलं असतं. मामांनी मला खोटं बोल असं सांगितलंच नव्हतं. ते मी माझ्या मनाने केलं.

मी म्हणाले, सार म्हणतात, आरोक्यसामीचा हात आहे तोवर ही शेड कुठे जात नाही. त्याला म्हणावं, तिरुच्चीचं डोक्यातून काढ. आणि मीही म्हणते अण्णा, जाऊ नका.

बघा, किती नटवून सांगितलं. तेवढं सांगायची गरज नव्हती. अण्णांचा चेहरा असा उजळला की मला एक क्षण वाटलं, मी चांगलंच काही केलंय. त्यांनी पोराला पाठवून आम्हा दोघांना चहा मागवला. त्याच आठवड्यात त्यांनी तिरुच्चीला नाही म्हणून कळवलं.

का केलं? साचा झाला नसता तर करूरची जागा लांबली असती, कदाचित गेली असती, आणि यांच्या एकट्याच्या पगारात घर चालवायची मला धास्ती होती. हे एक. दुसरं सांगायला जड जातं. मला ते बरं वाटलं. आख्ख्या शेडचं भवितव्य मला माहीत आणि कोणाला नाही, सार माझ्याशी बोलतात, अण्णा माझ्या तोंडाकडे बघत उभे — त्यात एक मजा होती. मोठेपणाची मजा. ती मी घेतली.

तोंड झालं. त्यांनी केलेल्या सगळ्यांत देखणं असं मी नाही म्हणणार, ते सगळीच चांगली करत. करूरहून माणसं आली, रेझिनचे डबे आणि काचतंतूचे गुंडाळे घेऊन. शेडभर उग्र वास. त्यांनी अण्णांच्या तोंडावर मेण चोळून वर थर चढवायला घेतले, तेव्हा अण्णांनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि मेण स्वतः लावलं; म्हणाले, कोपऱ्यात राहिलं तर साचा सुटताना फाटेल. मग मला बाजूला येऊन विचारलं, मी असताना साचा कशाला? मी म्हणाले, ॲक्सिडेंटच्या गाड्यांची तोंडं पटकन बदलायला. हे दुसरं खोटं. हे तर मला अगदी सहज जमलं, जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पोंगल झाला आणि शेड बंद झाली. माणसांना एकेक करून ऑफिसात बोलावून हिशेब हातात दिला. तो दिवस कोणता ते मला मामांनी आधीच सांगितलं होतं. मी त्या दिवशी करूरला गेले. तिकडे काही काम नव्हतं; मीच काढलं. मला ऐकवलं ते एवढंच, की अण्णा ऑफिसमधून बाहेर आल्यावर माझ्या स्टुलापाशी गेले आणि कमलाम्मा कुठे म्हणून विचारलं.

तिरुच्चीची जागा तोवर भरली होती. ते जाऊन आले. मग मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर एका गॅरेजात पोचे काढायला लागले — ऑटो, मोपेड, स्कूटरचे मडगार्ड. मी बसमधून जाता-येता बघायचे. खिडकीतून मान दुसरीकडे फिरवायचे.

शेवटी बाजारात समोरासमोर गाठ पडलीच. माझ्या हातात भाजीची पिशवी होती, पळायला जागा नव्हती. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलावंच त्यांनी. अण्णा म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस अम्मा. सारनी तुलाही फसवलं. तुझ्या तोंडून खोटं वदवलं त्या माणसाने." त्यांनी माझी समजूत काढली. मला. आणि मी काय केलं? मान हलवली. म्हणाले, हो अण्णा, आपल्या दोघांनाही फसवलं.

माझा हा होकार त्यांनी खरा धरला आणि ते मामांच्या दारात गेले. गल्लीत उभे राहून तमिळमध्ये जे बोलायचं ते बोलले — खोटारडा, गळा कापणारा, तुझ्या शब्दावर मी तिरुच्ची सोडली. आमची सगळी गल्ली दारात. मामा उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते, आणि त्यांना कळत नव्हतं की कुठला शब्द. संध्याकाळी ते आमच्याकडे आले. चप्पल न काढता दारातूनच विचारलं, "तूं त्याला काय सांगितलीस?" मी म्हणाले, काही नाही मामा, तुम्ही नको म्हणालात ना.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मते त्यांना कळलं. पण मी त्यांच्या ताईची मुलगी, त्यांनीच लावलेली. ते दारातूनच वळले आणि चालू लागले. आमच्या भागातल्या कामगारांत गोपाळराव म्हणजे शब्द देऊन फिरवणारा माणूस, हे नाव त्यांना चिकटलं ते मरेपर्यंत. मामा काही साधुसंत नव्हते. पण शब्द त्यांनी दिला नव्हता. तो मी दिला, त्यांच्या नावाने.

करूरची माझी जागा काही वर्षं चालली. मग बांधणाऱ्यांनीच कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला घेतलं, तपासणीही त्यांचीच, आणि कंपनीला माझी गरज उरली नाही. मामा तोवर निवृत्त झाले होते. मला ऑफिसात बोलावून हिशेब हातात दिला. जशास तसं झालं असं तुम्ही म्हणाल. नाही झालं. ऐका.

आठवड्याभरात अण्णा आमच्या घरी आले, बायकोला घेऊन. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. हातोड्याचा खांदा तोवर गेला होता. चहाचा कप डाव्या हाताने उचलत होते. म्हणाले, धाकट्या जावयाचं तिरुच्चीला पंख्यांच्या पात्यांचं वर्कशॉप आहे, त्याला ड्रॉइंग येणारं माणूस हवंय. कॉम्प्युटर तो शिकवेल. मी त्याला सांगून ठेवलंय, की या बाईचा कागद पंख्याखाली ठेवायचा नसतो. त्यांची बायको हसली. आमचे हे आतून फरसाण आणायला गेले. अण्णा माझ्याकडे बघत होते, मी हो म्हणायची वाट बघत.

खोलीत आम्ही तिघंच होतो. सांगायला याहून चांगली वेळ कुठली असते? तोंडाशी आलंही होतं. पण सांगितलं तर ते उठून जातील, आणि जागाही जाईल — हे दोन्ही मी त्याच क्रमाने नव्हे, उलट क्रमाने मनात आणलं. आधी जागा.

मी हो म्हणाले. निवृत्त होईपर्यंत त्याच वर्कशॉपमध्ये काम केलं. मुलीचं इंजिनिअरिंग त्या पगारावर झालं. अण्णा त्यानंतर बरीच वर्षं होते; दर नाताळात मी त्यांच्या घरी जायचे, समोर बसून मुरुक्कू खायचे, आणि ते आल्या-गेल्याला सांगायचे, ही कमलाम्मा, मला तंजावुरातून जाऊ नका म्हणणारी एकटी हीच.